कुरकुरीचे व्याकरण

मराठी माणसाला रस्त्यात गाठून ‘काय, कसे काय?’ म्हणून विचारावे आणि त्याने ‘अगदी मजेत!’ असे खणखणीत उत्तर द्यावे, असा योग तुमच्या वाट्याला आजवर किती वेळा आला, हे जरा आठवून पाहा. बहुधा उत्तर मिळते ते ‘चाललंय आपलं’, नाहीतर ‘ढकलतोय गाडी’. स्वारी फारच खुषीत असली, तर ‘तसं ठीक आहे म्हणायचं’ इथवर मजल जाते. मुलगा चांगल्या गुणांनी पास झालेला असतो, जागा मनासारखी मिळालेली असते, रक्तदाबसुद्धा डॉक्टरांच्या आज्ञेत असतो. पण गाडी काही आपणहून चालत नाही. ती ढकलावीच लागते!

दिवाळीच्या फराळाचेच घ्या ना. ताट पुढे येते आणि पाठोपाठ ते करणारीचा आवाज येतो, ‘चकली यंदा जरा कडकच झालीय हं. अनारसे तर मेले हसलेच. आणि करंजीचं सारण कोरडं झालंय.’ खाणाऱ्याने ‘छे छे वहिनी, उत्तम झालंय सगळं’ असे म्हणायचे आणि आणखी दोन चकल्या उचलायच्या, असा हा रिवाज आहे. त्यात वाईट काही नाही. न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळाच्या गालाला आई तीट लावते, तशी ही सुखाला लावलेली तीट. आपले बरे चालले आहे असे मोठ्याने बोलले, तर कुणाची तरी दृष्ट लागेल, ही भीती आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. म्हणून चांगल्या गोष्टीवर एक काळा ठिपका आपणच आधी ठेवून देतो.

तीट एवढीशी असते तोवर ती शोभूनही दिसते. पण काही घरांत काजळाची डबी एकदा हाती आली की ती खाली ठेववतच नाही. ठिपक्याचा पट्टा होतो आणि पट्ट्याने सारे तोंड माखते. मग पाहुण्याला बाळ दिसेनासे होते, काजळ तेवढे दिसते. रोजच्या कुरकुरीने संसाराचे जे होते, ते ह्याहून निराळे नाही. आणि आज मला बोलायचे आहे ते तिच्याविषयीच.

मी पडलो भाषेचा मास्तर. रोगाचे निदान करण्यापूर्वी शब्दाची नाडी पाहावी, ही आमची खोड. ‘तक्रार’ हा शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने अरबीतून आला. मूळ अरबी ‘तकरार’चा अर्थ गाऱ्हाणे असा नाहीच. त्याचा अर्थ आहे पुनरावृत्ती. तेच ते पुन्हा पुन्हा करणे. पुढे उर्दू-हिंदीत ‘तकरार’ म्हणजे वादावादी झाली आणि मराठीत तिचे गाऱ्हाणे झाले. शब्दाने मुलुख बदलले, अर्थ बदलले. पण मूळ अर्थाचा विसर पडू नये, ह्याची काळजी आपण घरोघर घेत असतो. ‘नळाला पाणी नाही’ हे एकदा सांगितले तर ती बातमी. तेच सकाळी चहाबरोबर, दुपारी जेवणाबरोबर आणि रात्री अंथरुणावर पाठ टेकल्यावर सांगितले, म्हणजे ती अस्सल अरबी अर्थाची तक्रार!

तरीही ‘तक्रार’ ह्या शब्दाशी माझे भांडण नाही. व्यवहारात तक्रारीला मान आहे. ती नोंदवता येते, तिला क्रमांक मिळतो, तिची पोच मिळते, आणि नशीब बरे असेल तर तिचे निवारणही होते. कुरकुरीच्या वाट्याला ह्यातले काही नाही. कुरकुर हा मुळी शब्दच नव्हे, तो आवाज आहे; नव्या वहाणेचा, किंवा वर्षानुवर्षे तेल न मिळालेल्या बिजागरीचा. दार उघडताना बिजागरी कुरकुरते, लावतानाही कुरकुरते; पण ती कुणालाच उद्देशून बोलत नसते.

हा फरक वाक्यातही दिसतो. ‘तिसऱ्या मजल्यावरचा दिवा गेला आहे; तो उद्यापर्यंत बदलून द्यावा’ ही झाली तक्रार. ‘ह्या सोसायटीत कुणाला कशाची पडलेलीच नाही, नेहमीचंच आहे हे’ ही झाली कुरकुर. पहिल्या वाक्यात कोणती वस्तू, कोणती जागा, कोणती वेळ, हे सारे ठरलेले आहे. आणि ‘द्यावा’ हे क्रियापद विध्यर्थी आहे. पुढे काय व्हायला हवे, ते त्यात सांगितले आहे. दुसऱ्या वाक्यात दिवा कुठल्या कुठे नाहीसा झाला. राहिले फक्त ‘कुणाला’, ‘कशाची’ आणि ‘नेहमीचंच’. कुरकुरीची भिस्त अशाच शब्दांवर असते: लोक, सगळे, नेहमी, कधीच, कुणीच. विध्यर्थ तिला वर्ज्य. काय व्हावे हे ती कधी सांगत नाही. कारण ते सांगितले आणि चुकून झालेच, तर उद्या बोलायचे कशावर?

नवराबायकोच्या बोलण्यालाही हेच व्याकरण लागू आहे. जॉन गॉटमन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांचे घरगुती बोलणे वर्षानुवर्षे टिपून अभ्यासले. तक्रार निराळी आणि टीका निराळी, असे ते बजावून सांगतात. तक्रार घडलेल्या एका गोष्टीविषयी असते. टीका समोरच्या माणसाच्या साऱ्या स्वभावावर घसरते. टीका, तुच्छता, स्वतःची सफाई आणि अबोला ही संसार पोखरणारी चार लक्षणे त्यांनी सांगितली आहेत. साधी तक्रार त्या यादीत नाही! ‘आज आमटीत मीठ कमी पडलंय’ असे यजमान म्हणाले, तर मिठाची वाटी पुढे सरकते आणि विषय मिटतो. ‘तुझं कशात लक्षच नसतं कधी’ असे म्हणाले, तर त्यावर पुरेल एवढे मीठ कोणत्याही मिठागरात पिकत नाही.

इथे कुणीतरी मला अडवणार, हे मी जाणून आहे. ‘अहो मास्तर, बोलल्याने मन मोकळे होते. आत साचू देण्यापेक्षा बाहेर पडलेले काय वाईट?’ मन म्हणजे जणू स्वयंपाकघरातला कुकर. अधूनमधून शिटी झाली नाही, तर झाकण उडायचे! कल्पना मोठी सोयीची आहे; पण कसोटीला लावून पाहिली तेव्हा ती टिकली नाही. ब्रॅड बुशमन ह्या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ६०० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम राग येईल असे केले. मग काहींना सांगितले, ज्याने राग आणला त्याला डोळ्यांपुढे ठेवून ह्या पिशवीवर ठोसे मारा. काहींना सांगितले, व्यायाम म्हणून ठोसे मारा. उरलेल्यांना नुसते बसवून ठेवले. राग सर्वांत अधिक उरला तो पहिल्या गटाचा. त्या माणसाला आठवून आठवून ठोसे मारणाऱ्यांचा. वाफ निघून गेलीच नव्हती; निखाऱ्यावर फुंकर मात्र बसली होती. नुसते बसून राहिलेले विद्यार्थी त्यांच्या मानाने शांत निघाले.

दुसरा दाखला तर निसर्गानेच घालून दिला. सुझन नोलेन-हॉक्सेमा ह्या विदुषी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात होत्या. दुःख झाले की माणूस काय करतो, त्याच त्या विचारात घोळत राहतो की हातपाय हलवतो, ह्याची त्यांनी विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. आणि अवघ्या दोन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, तिथे मोठा भूकंप झाला. त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी तपासले. ज्यांना आधीपासून दुःख घोळवत बसण्याची सवय होती, ते इतरांपेक्षा अधिक खिन्न आढळले. भूकंप सर्वांना एकच झाला होता. काहींच्या मनात तो थांबायला तयार नव्हता, इतकेच.

मनाच्या ह्या खोडीला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ ‘रवंथ करणे’ असाच आहे. गाय रवंथ करते ती चारा पचावा म्हणून. आणि पचला की थांबते. माणूस मात्र वीस वर्षांपूर्वी नणंदेच्या लग्नात आपल्याला मानाची साडी कशी हलकी मिळाली, हे पुन्हा पुन्हा वर काढून चघळत बसतो, आणि दर वेळी ती साडी थोडी अधिकच हलकी होत जाते.

असे असूनही कुरकूर सुटत का नाही? कारण तिच्यात एक गोडी आहे, आणि ती नाकबूल करण्यात अर्थ नाही. दोन अनोळखी माणसे लोकलच्या डब्यात शेजारी बसली आणि एकजण ‘आज पण लेट!’ एवढे पुटपुटला, की दुसरा लगेच ‘रोजचंच आहे’ म्हणतो आणि कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत दोघांचे सख्य जमते. अमँडा रोझ ह्या संशोधिकेने २००२ साली शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीविषयी जे दाखवून दिले, ते ह्याच जातीचे आहे. आपापल्या अडचणी एकमेकांपाशी सारख्या उगाळत राहणाऱ्यांची मैत्री अधिक दाट असते. पण उदासी आणि चिंताही त्यांच्यातच अधिक आढळते. पूर्वी हे काम चाळीची गॅलरी आणि विहिरीचा काठ करीत. आता मोबाइलवरचे गट करतात. ऊब हवी म्हणून शेकोटी पेटवावी आणि सरपण म्हणून घरातलेच लाकूडसामान घालावे, असा हा प्रकार आहे. ऊब खरीच मिळते. प्रश्न इतकाच, की सकाळी बसायला पाट उरतो का?

माझ्या लहानपणी आमच्या चाळीत एक गृहस्थ राहत असत. नाव सांगत नाही. सगळे त्यांना अण्णा म्हणत. माणूस निर्व्यसनी, पगार पाकिटासकट घरात आणून देणारा, मुलांच्या अंगाला कधी बोट न लावणारा. पण सकाळी डोळे उघडल्यापासून त्यांची जी धार लागे ती दिवा मालवेपर्यंत. चहा गार, वर्तमानपत्र उशिरा, जिना अरुंद, ऊन कडक, पाऊस अवेळी. त्यांच्या थोरल्या मुलाला बँकेत नोकरी लागली, तेव्हा तो पेढ्यांचा पुडा घेऊन आधी आमच्या खोलीत आला. माझी आई म्हणाली, ‘अरे, पहिला पेढा देवापुढे आणि घरात नको का द्यायला?’ तो हसून म्हणाला, ‘देतो काकू, पण तिकडे नेल्यावर पेढा गोड राहत नाही.’ आम्हीही हसलो. त्या हसण्यात दडलेला अर्थ कळायला वय व्हावे लागले. कुरकुऱ्या बापाच्या घरी वाईट बातमी धावत येते, आणि शुभवार्ता मात्र उंबऱ्याशी अडखळते.

अण्णांच्या पत्नीला सगळे माई म्हणत. माईंच्या तोंडून कधी गाऱ्हाणे म्हणून ऐकले नाही. एका दिवाळीत गॅलरीच्या कठड्यावर पणत्या लावून झाल्यावर त्या आम्हा मुलांना म्हणाल्या, ‘यंदा दिव्यांभोवती कशी रंगीत कडी दिसतायत, नाही? अगदी इंद्रधनुष्यासारखी!’ आम्ही डोळे ताणून पाहिले. आम्हाला काही कडी दिसेनात. संध्याकाळी त्यांचा डोळा ठणके, तेव्हा त्या पदराचा बोळा करून, त्यावर तोंडाची वाफ देऊन शेकीत असत, आणि पुन्हा कामाला लागत. दीड-दोन वर्षे अशी गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले तेव्हा काचबिंदू निघाला. दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे आणि डोळा ठणकणे, ही त्या रोगाच्या एका प्रकारातली धोक्याची खूण असते. वेळीच उपचार झाले तर असलेली दृष्टी राखता येते. गेलेली मात्र परत मिळत नाही. माईंच्या उजव्या डोळ्याची गेली. माझी आई त्यांच्यावर रागावलीच. ‘अहो माई, एका शब्दाने बोलायचं तरी होतं!’ माई म्हणाल्या, ‘काय बोलू? घरात आधीच एवढी कुरकुर. त्यात माझी आणखी एक कुठे घालू?’

वाचकहो, कुरकुरीने मन कडू होते, पाहुणे कंटाळतात, मुले दूर जातात, हे सारे खरे. पण तिचा सर्वांत मोठा अपराध हा आहे. घराच्या कानांनाही एक मर्यादा असते. एकच माणूस दिवसभर त्यांचा ताबा घेऊन बसला, की ते कान स्वतःचा बचाव करायला शिकतात. ऐकूनही न ऐकल्यासारखे करतात. मग जी तक्रार खरोखर सांगायलाच हवी, जिच्यावर कुणाचा डोळा, कुणाचा जीव अवलंबून असतो, तिला बसायला घरात जागाच राहत नाही. कुरकुर खऱ्या तक्रारीचा घास काढून घेते.

अण्णांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यानंतर माईंच्या डाव्या डोळ्यात औषधाचे थेंब रोज ठरल्या वेळी अण्णाच घालीत. थेंब महाग होते, दवाखाना लांब होता, तिथे ताटकळावे लागे. ह्यांपैकी कशाबद्दलही त्यांनी कधी ब्र काढला नाही. म्हणजे सवय जन्माची असली, तरी ती सुटत नाही असे नाही. हाताला काम मिळाले की तोंडाला विसावा मिळतो.

आता ह्या विवेचनातून भलताच अर्थ निघू नये. ‘तक्रार करू नका, समाधानी राहा’ हा उपदेश आपल्याकडे ज्याला त्याला केला जात नाही. तो बहुधा सुनेला करतात, हाताखालच्या कारकुनाला करतात, धुण्याभांड्याच्या बाईला करतात. ज्यांना तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसत असतो, त्यांनाच समाधानाचे धडे देणे हा कावा आहे. दुखणे अंगावर काढणे ह्याला आपल्या घरांत सोशिकपणा म्हणून वाखाणतात. माईंच्या डोळ्याने त्या वाखाणणीची किंमत मोजली. म्हणून माझे म्हणणे ‘बोलू नका’ असे मुळीच नाही. बोलावे, पण जो ऐकेल आणि ज्याच्या हाती उपाय आहे, त्याच्यापाशी बोलावे.

आपल्या परंपरेला हे पक्के ठाऊक होते. कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात, ते ज्यांनी ऐकले असेल त्यांना मी काय म्हणतो ते पटेल. मानकरी हात जोडून देवापुढे उभा राहतो, गावाची अडचण सांगतो, मुंबईला गेलेल्या लेकरांची सांभाळणूक मागतो, आणि प्रत्येक मागण्यावर भोवतालचे लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. ह्या गाऱ्हाण्याला ऐकणारा आहे, मागणे आहे, साथ आहे. आणि मुख्य म्हणजे शेवट आहे. गाऱ्हाणे संपले की नारळ फुटतो, आणि माणसे आपापल्या कामाला लागतात. आमच्या संतांनीसुद्धा विठ्ठलाशी भांडण्यात काही कमी ठेवली नाही. पण भांडले ते प्रत्यक्ष विठ्ठलाशी. शेजाऱ्यापाशी विठ्ठलाची निंदा करीत बसले नाहीत.

आणि चांगल्या तक्रारीची फळे किती गोड असतात, हे पाहायचे तर घरातले कालनिर्णय पाहावे. रविवारचा रकाना लाल शाईत छापलेला असतो. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना हा रविवार कुणी सहजासहजी दिलेला नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा भरवली. आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, पगार महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा, अशा मागण्या त्यांनी मांडल्या. ह्या अर्जावर ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. वाक्यांकडे पाहा: मिळावी, मिळावा, थांबावे, सगळा विध्यर्थ! ‘गरिबाला कुणी वाली नाही’ एवढेच म्हणत ते घरी गेले असते, तर त्या म्हणण्यात खोटे काही नव्हते. पण रविवारही मिळाला नसता. मालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. मध्ये जवळजवळ सहा वर्षे गेली. आणि आपण? आपण त्याच रविवारी दुपारी लोळत पडून म्हणतो, ‘कंटाळा आला बुवा. उद्या पुन्हा सोमवार!’

स्वयंपाकघरातील कुरकुरीचीही अशी तक्रार होऊ शकते. महागाईविषयी बोलणे हा तर गृहिणींचा रोजचा पाठ. तेल केवढ्याला, साखर केवढ्याला, रॉकेल कुठे मिळते, हे बोलणे ओट्यापाशी सुरू होई आणि ओट्यापाशीच विझे. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांच्या बायका त्यात एकत्र आल्या, आणि ज्यांनी कधी सभेची पायरी चढली नव्हती, अशा हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. बोलणे तेच होते. तेल आणि साखर! फक्त ते भिंतीला सांगायचे थांबवून सरकारला सांगितले गेले. मृणालताई १९६१ साली मुंबई महापालिकेवर निवडून आल्या होत्या, आणि गोरेगावच्या पाण्यासाठी त्या इतक्या चिकाटीने भांडल्या की लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नावच देऊन टाकले. पाण्याविषयी कुरकुरणारे तेव्हाही गल्लोगल्ली होते. त्यांपैकी कुणाला असे नाव मिळाल्याचे ऐकिवात नाही.

कुरकुर माणसाला बुडवते ती नेमकी इथे. ती आळसाची सभ्य बहीण आहे. तासभर तावातावाने बोलले की काहीतरी केल्यासारखे वाटते. घाम येतो, घसा सुकतो, आणि दिवा होता तिथेच गेलेला राहतो. समर्थांनी दासबोधाच्या १९व्या दशकात ‘करंटलक्षण’ सांगितले आहे. करंटा म्हणजे आपण समजतो कपाळी वाईट रेघ घेऊन आलेला माणूस. समर्थ पत्रिका पाहत नाहीत. आळसाची आवड आणि प्रयत्नाचा कंटाळा ही खूण ते आरंभीच सांगून टाकतात, आणि लगेच पुढच्या समासात ‘सदेवलक्षण’ मांडतात. दोन्ही समास शेजारी शेजारी आहेत. करंटा आणि भाग्यवान ह्यांच्यात नशिबाची दरी नाही, सवयींची भिंत आहे. आणि ती ओलांडता येते, एवढे ह्या मांडणीवरूनच कळावे.

मग घरात काय करावे? मला सुचते ते अगदी साधे आहे. तोंडून गाऱ्हाणे निघण्याआधी मनाला तीन प्रश्न विचारावेत: कोणाला सांगायचे? नेमके काय व्हायला हवे? आणि त्यात माझा हात कुठे लागेल? तिन्हींची उत्तरे मिळाली तर खुशाल बोलावे, मोठ्याने बोलावे, लागला तर अर्ज लिहावा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नये. एकही उत्तर मिळाले नाही, तर तो विषय एकवार बोलून सोडून द्यावा. एकवार बोलणे हा माणसाचा हक्क आहे. पावसाला शिव्या देण्याचासुद्धा! पण एकच वार. दुसऱ्या खेपेपासून ती अरबी तकरार.

ऐकणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. कुरकुरणाऱ्या माणसाला ‘गप्प बसा हो’ म्हटले तर तो दुखावतो. ‘खरं आहे हो’ म्हटले तर तो सुरूच राहतो. त्याला सौम्यपणे एवढेच विचारावे, ‘मग काय करावं म्हणता?’ ह्या एका प्रश्नात मोठा गुण आहे. ज्याच्यापाशी खरी तक्रार असते, तो खुर्ची पुढे ओढून सांगू लागतो. ज्याच्यापाशी नुसती कुरकुर असते, त्याला एकाएकी घरचे काम आठवते.

आणि शेवटची गोष्ट. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक घरात एक माणूस असा असतो, ज्याची कधी काही तक्रार नसते. बहुधा ती आई असते, कधी आजी, कधी लांब शिकायला राहिलेला मुलगा, कधी लग्न होऊन गेलेली बहीण. ‘तिचं काही म्हणणं नसतं बुवा’ असे आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. ह्या चार दिवसांत सगळी माणसे घरी आहेत. भाऊबीजेच्या ओवाळणीचे पाकीट ताटात ठेवाल, तेव्हा बहिणीला बाजूला बसवून ‘तुझं कसं चाललंय?’ म्हणून एकदा विचारा. ती म्हणेल, ‘चाललंय आपलं.’ तेवढ्यावर उठू नका. आणखी एकदा विचारा, आणि मग मात्र तुम्ही काही बोलू नका.

दिवाळी सर्वांना सुखाची जावो.